सत्तेचाळीस मिनिटं

अगं, तू नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, 'मग काय झालं' विचारू नकोस, मी येतेच तिथे. आमच्या विभागातली ती पेन्सिल आहे ना, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली असते आणि तीच पेन्सिल ती टेबलाखाली वाकून शोधत असते, ती. तर ती पेन्सिल त्या शुक्रवारी सकाळी इतिहास विभागाच्या काचेच्या दाराशी आली, दार ढकलायला हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. दारावर पोस्टर. अजून चिकटपट्टीचा एक कोपरा हवेत हलत होता, इतकं ताजं. आणि पोस्टरवर हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत एक वाक्य: 'मी सगळ्या शहराला बोलतं केलं, पण माझ्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कधीच कुणी नव्हतं.' त्याखाली बारीक अक्षरात, एक टेलिफोन ऑपरेटर, बोर्ड क्रमांक पाच. त्याखाली, नवे संशोधन, खुली सभा, सर्वांना प्रवेश, दुपारी चार. आणि अगदी तळाशी पेन्सिलचं पूर्ण नाव, जे आम्ही कुणी कधी वापरत नाही. येणारी-जाणारी पोरं थांबून वाचत होती. एकीनं तर फोटो काढला. दुसरी म्हणाली, "काय बोलून गेली ना गं बाई!" आणि पेन्सिलला वाटलं, आत्ता इथंच खाली बसावं. कारण ते वाक्य कुठल्याही बाईनं कधीच म्हटलेलं नव्हतं. ते पेन्सिलनं लिहिलं होतं.

थांब, मागचं सांगते. तिचा विषय काय होता, तर जुनी टेलिफोन एक्स्चेंज. नंबर फिरवला की आपोआप लागतो तसली नाही, हातानं जोडायची. समोर भोकांचा मोठा बोर्ड, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन, आणि 'नंबर प्लीज' म्हणत दिवसभर ह्याची दोरी त्याच्यात खुपसायची. असल्या कामातून निवृत्त झालेल्या एकोणीस बायका तिनं शोधून काढल्या, प्रत्येकीच्या घरी गेली, बोलणं रेकॉर्ड केलं. प्रबंधाचं नाव 'ऐकण्याचं काम'. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या बायकांचं कुणी ऐकलंच नाही, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. आणि आमच्या मॅडमची, म्हणजे तिच्या गाइडची, एक शिस्त आहे, त्याबद्दल त्या फार कडक. समोरचं माणूस बोलत असताना वहीत लिहायचं नाही. वही काढली की माणूस भाषण करायला लागतो, म्हणतात. डोळ्यांत बघायचं, मान हलवायची, बाकी मशीन बघून घेईल. आणि दुसरी शिस्त, रेकॉर्डिंग उतरवून काढलं की तो मजकूर त्या माणसाला शब्दन् शब्द वाचून दाखवायचा आणि शेवटच्या पानावर सही घ्यायची. पेन्सिलनं अठरा जणींना वाचून दाखवलं. एकीला नाही.

ती एक म्हणजे पाच नंबरच्या बाई. पाच नंबरच्या बोर्डवर एकतीस वर्षं बसल्या म्हणून एक्स्चेंजमध्ये सगळे त्यांना पाच नंबरच म्हणायचे, त्याही स्वतःला तेच म्हणायच्या. "पाच नंबर बोलतेय," असा फोन उचलायच्या घरी. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरचं एका खोलीचं घर, खिडकीत एकच कुंडी, टेबलावर मेणकापड. बाई बोलायला लागल्या. लहानपण, नोकरीची मुलाखत, आवाजाची परीक्षा, पर्यवेक्षिका कशी मागून फिरायची आणि पाठ वाकली की पट्टी टोचायची. बावीस मिनिटं. आणि मग पेन्सिलचा फोन वाजला. भाऊ होता. "बाबांचा रिपोर्ट चार वाजता मिळणारेय. तू येतेस का मी एकटाच जाऊ?" ती "एक मिनिट हं, बाई," म्हणाली, मशीन थांबवलं, जिन्यात जाऊन बोलली, परत येऊन बसली. "हं, बोला." मशीनवर लाल दिवा दिसत होता. लाल दिसतोय म्हणजे चालू आहे. अगं, पण त्या मशीनचा दिवा चालू असताना स्थिर असतो आणि थांबवलेलं असताना लुकलुकतो. हे तिला माहीत नव्हतं का? विभागात नव्या पोरांना तीच शिकवते! पण त्या वेळी तिला दिसत होतं ते बाईंच्या डोक्यावरचं भिंतीवरचं घड्याळ. तीन वाजून आठ मिनिटं.

आणि बाईंनी तेव्हाच ते सांगितलं. ह्याच्या आधी कुणाला सांगितलं नव्हतं, असं म्हणून सुरुवात केली, एवढं पेन्सिलला पक्कं आठवतं. "त्या दिवशी बोर्डवर मी एकटीच होते," हेही आठवतं. मग पाणी शिरलं असं काहीतरी, खालच्या मजल्यावर. एका माणसाचा आवाज, तो पुन्हा पुन्हा एकच नंबर मागत होता. मग बाईंचा उजवा हात वर गेला आणि हवेतल्या हवेत त्यांनी काहीतरी केलं, बोटं चिमटीसारखी धरून. दोरी खुपसली की ओढून काढली? पेन्सिलनं मान हलवली. योग्य ठिकाणी हलवली, कारण तेवढी सवय झालेली होती. तोंडानं "हं, हं" चाललं होतं आणि आत रिपोर्ट, भाऊ एकटा रांगेत उभा असेल, बाबा घरी पेपर उलटासुलटा धरून बसले असतील, सव्वातीन, साडेतीन. बाईंनी चष्मा काढून रुमालानं पुसला. आवाज एकदा पार खाली गेला. मग म्हणाल्या, "बस. एवढंच." पाच मिनिटं कमी चार. तीन-आठ ते तीन-पंचावन्न, सत्तेचाळीस मिनिटं. पेन्सिलनं त्यांचे हात हातात घेतले, तिला वाटलं आपण किती छान ऐकलं, आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून दवाखान्याकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी विभागात येऊन हेडफोन लावले, तर बावीस मिनिटांवर फोनची रिंग, 'एक मिनिट हं, बाई,' आणि संपलं. तिनं ती फाइल अकरा वेळा उघडली. मशीन उलटं करून हलवलं, म्हणजे आत कुठंतरी सांडलं असेल तर बाहेर येईल. हसू नकोस, मी असते तर मीही हलवलं असतं. त्याच दिवशी परत जायला हवं होतं, हे तिलाही कळतंय. बाई, माझं चुकलं, पुन्हा सांगा, एवढं म्हणायचं होतं. पण त्याच दिवशी बाबांना भरती केलं. मग आठ आठवडे दवाखान्याचा कॉरिडॉर, फिनेलचा वास, भावाशी पाळीपाळीनं बाकावर बसणं. बाबा बोलायचे त्या दिवसांत, पुष्कळ बोलायचे, तुटक, जुन्या शेजाऱ्यांबद्दल, कुठल्याशा हरवलेल्या छत्रीबद्दल, आणि पेन्सिल मान हलवायची. मग बाबा गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मॅडमनी विचारलं, "चौथं प्रकरण कुठंय?" चौथं प्रकरण म्हणजे पाच नंबरच्या बाई. पेन्सिल टेबलाशी बसली. बसल्या बसल्या तिनं बाबांचा नंबर लावला, उगीचच, बोटांना सवय होती म्हणून. तर हा क्रमांक अस्तित्वात नाही. भावानं बंद करून टाकला होता, त्याचंही बरोबरच होतं. तिनं फोन ठेवला आणि ते वाक्य आलं. सगळ्या शहराला बोलतं केलं, पण माझ्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला. एका दमात. मग त्याच्या मागं-पुढं ती लिहीत गेली, पाणी, एकटी बाई, पुन्हा पुन्हा नंबर मागणारा माणूस, आणि दोरी काढली नाही असं लिहून टाकलं, कारण काढली असं लिहायला हात धजला नाही. नऊ पानं झाली. पानं घेऊन बाईंकडे गेली तेव्हा मनात ठरवलेलं होतं की सगळं सांगायचं. बाई म्हणाल्या, "ते सगळं वाचून दाखवतेस कशाला? मला नाही ऐकवणार पुन्हा. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पोरी, दे इकडं," आणि शेवटच्या पानावर सही केली. मोठी, तिरकी, खाली रेघ ओढून. पेन्सिलच्या जिवात जीव आला. इतका आला की तिला स्वतःचीच किळस वाटली.

तर असं ते वाक्य. प्रबंधात गेलं, परीक्षकांनी त्याखाली रेघ मारली, आणि आता काचेच्या दारावर. पेन्सिल आत गेली तर मॅडम खुर्च्या मोजत होत्या. "आलीस? ऐक, मागच्या रांगेत अजून वीस लागतील. आणि गंमत सांगू? मी तुझ्या पाच नंबरच्या बाईंनाच बोलावलंय. भाची घेऊन येणारेय त्यांना. लोकांना त्यांच्याच तोंडून ऐकू दे ना!"

पेन्सिल म्हणाली, "मॅडम, मला एक बोलायचं होतं."

"बोल की. पण चालता चालता बोल, मला माइकवाल्याला गाठायचंय."

त्या पुढे आणि ही मागे, लांबच्या लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना जुन्या विभागप्रमुखांचे फोटो. मॅडम, ते वाक्य. मॅडम, ती मुलाखत. मनात वाक्यं तयार होत होती आणि ओठांशी आली की मोडत होती. तिला दिसत होतं, मॅडम थांबतील, चष्मा कपाळावर चढवतील, आरडाओरडा करणार नाहीत, नुसतं 'अच्छा' म्हणतील. त्या 'अच्छा'नंतर प्रबंध परत, सहा वर्षं परत, आणि मॅडमनी पुन्हा कधी तिच्याकडं बघायचं नाही. मॅडम खरंच थांबल्या. "हं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही. माइकचे सेल जास्तीचे आणून ठेवू का?"

"बघ, म्हणून मला तू आवडतेस," मॅडम म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत तळटीप तिच्या टेबलापाशी आला. तळटीप म्हणजे आमचा एक सीनियर. सगळ्यांचं बोलून झालं की हा खालच्या आवाजात एक पुरवणी जोडतो आणि समोरच्याचा दिवस घालवतो, म्हणून तळटीप. "पोस्टर झकास आहे हो," तो म्हणाला. "फारच झकास. इतकं रेखीव बोलतात का माणसं? मी चाळीस मुलाखती घेतल्या, माझी माणसं नुसती खोकतात."

"तुमची माणसं तुम्हाला बघून खोकत असतील," पेन्सिल म्हणाली. सगळे हसले. तीही हसली, आणि पेन्सिल शोधायला टेबलाखाली वाकली.

बाई साडेतीनलाच आल्या. दोन वर्षांत अंगानं अर्ध्या झाल्या होत्या, हातात काठी, पण केस नीट विंचरलेले, ऑफिसला निघाल्यासारख्या. भाची त्यांना सेमिनारच्या खोलीत बसवून गाडी लावायला गेली. दहा मिनिटं. खोलीत दोघीच आणि भिंतीला टेकवलेल्या पन्नास घडीच्या खुर्च्या. पेन्सिल त्यांच्यासमोर बसली नाही, उकिडवी बसली, पायापाशी.

"बाई, त्या दिवशी तुम्ही मला जे सांगितलंत ना, पाणी शिरलं त्या दिवसाचं. ते पुन्हा एकदा सांगाल? आत्ता. मला एकटीला."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. "नाही गं. ते एकदाच जमलं. चाळीस वर्षं घशात अडकलं होतं, तू आलीस, तुझ्याकडं बघून वाटलं हिला सांगावं. तू अशी ऐकत होतीस ना, पापणीसुद्धा हलत नव्हती तुझी. आणि आता डॉक्टर म्हणतात डोकं असंच हळूहळू पुसत जाणार. भाचीचं नाव विसरते मी मधूनच. तिला बोलत नाही. पण मी घाबरले नाही, खरंच सांगते. म्हटलं, ते तिच्याकडं आहे. मशीनमध्ये आहे. आता माझ्याकडून गेलं तरी चालेल. आहे ना नीट?"

आणि पेन्सिल म्हणाली, "आहे."

कळतंय का तुला? तेवढं एकच 'आहे'. त्याआधीचं सगळं, वाक्य, नऊ पानं, सही, त्याला अजून चूक म्हणता आलं असतं. हे 'आहे' म्हणताना मात्र तिला पुरतं माहीत होतं आपण काय करतोय. खोलीत कुठंतरी ट्यूबलाइट गुणगुणत होती, एकसुरी, डायल टोनसारखी, आणि तो आवाज तिच्या कानात जो शिरला तो निघालाच नाही.

सभा भरली. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून उभे. पेन्सिलनं निबंध वाचला. काय वाचलं तिला माहीत नाही, आपलाच आवाज माइकमधून दुसऱ्या कुणाचा तरी ऐकू येत होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ते वाक्य आलं तेव्हा सभागृह हललं, म्हणजे खुर्च्या करकरल्या. मग प्रश्न. दोन सोपे गेले. आणि मग मागून तळटीप उठला, खालच्या आवाजात. "फार सुंदर. एकच विनंती. हे वाक्य मूळ आवाजात ऐकवता येईल का? मौखिक इतिहास आहे, तर तोंडचं ऐकायला मिळावं."

"का नाही?" मॅडम खुशीत. "मशीन आहे ना गं तुझ्याकडं? लाव की."

मशीन पर्समध्ये होतं. पेन्सिलनं पर्समध्ये हात घातला. अगं, तिनं खरंच हात घातला, मशीन बाहेर काढलं, स्टँडवर ठेवलं. एका अर्थी तिला सुटल्यासारखं वाटत होतं. बटण दाबायचं, बावीस मिनिटांपाशी न्यायचं, 'एक मिनिट हं, बाई,' आणि पुढं काही नाही, आणि मग दीडशे माणसांना ते काही नाही ऐकू द्यायचं. बोट बटणावर गेलं.

"नको," पहिल्या रांगेतून बाई म्हणाल्या. काठी टेकवून उठल्या. "मी इथं जिवंत बसलेय ना. मशीन कशाला?" त्या वळल्या, पडद्याकडं बघितलं, चष्मा लावला, आणि एकतीस वर्षं लोकांना नंबर विचारणाऱ्या त्या स्वच्छ आवाजात, माइकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं त्यांनी म्हटलं, "मी सगळ्या शहराला बोलतं केलं, पण माझ्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कधीच कुणी नव्हतं." मग म्हणाल्या, "हो. हे मीच बोललेय. असंच होतं ते."

टाळ्या. उभं राहून टाळ्या. तळटीपसुद्धा वाजवत होता, बिचारा. मॅडमनी पेन्सिलला मिठी मारली. आणि पेन्सिल तिथं उभी. आपल्याला वाचवलंय का ह्या बाईनं, सगळं ओळखून? की हिला खरंच वाटतंय की हे हिचं आहे, डोक्यातली जागा मोकळी झाली आणि तिथं माझं वाक्य जाऊन बसलं? दोन्हींतलं कुठलं बरं, हे तिला ठरवता येईना. आणि एक विचित्र कळ उठली, ती सांगायलासुद्धा लाज वाटावी अशी. ते वाक्य बाबांचं होतं. बाबांसाठी तिच्याजवळ तेवढं एकच होतं, आणि आता तेही दिलं गेलं.

गाडीत बसताना बाईंनी तिचा हात धरला आणि उत्तर मिळालं. "पोरी, रविवारी घरी येशील? ते मशीन घेऊन. मला एकदा ऐकायचंय सगळं. त्या पडद्यावरचं वाचलं आणि वाटलं, एवढंच होतं का? अजून काहीतरी होतं ना? त्या माणसाचं मी काय केलं गं शेवटी? मला आठवतच नाही. आधी ऐकायची भीती वाटायची. आता आठवत नाही त्याची जास्त वाटते."

शनिवारी पेन्सिल दिवसभर भावाकडं बसून होती. त्याला काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "बाबा ते छत्रीचं काय सांगायचे रे?" भाऊ म्हणाला, "कुठली छत्री? तूच तर बसायचीस त्यांच्याजवळ."

रविवारी ती गेली. न जाता येत होतं, आजारी आहे म्हणता येत होतं, मशीन बिघडलं म्हणता येत होतं. पुन्हा नऊ पानं लिहून, हे घ्या, मी वाचून दाखवते, असंही म्हणता येत होतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, जिन्याच्या पायरीपायरीला एकेक. तरी तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि बेल दाबली. बाईंनी दार उघडलं. मेणकापड पुसलेलं, दोन खुर्च्या समोरासमोर, खिडकी लावून घेतलेली, आणि टेलिफोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला, मध्येच कुणाचा फोन यायला नको म्हणून. "बस," त्या म्हणाल्या. "लाव." पेन्सिलनं मशीन मेणकापडावर ठेवलं. तोंड उघडलं, पण बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि स्वतःच वाकून बटण दाबलं.

बाईंचा आवाज खोलीत आला, दोन वर्षांपूर्वीचा, भरलेला. बाई ऐकत बसल्या, एक हात कानाशी, हेडफोन सावरावा तसा. आवाजाची परीक्षा आली तेव्हा हसल्या. पर्यवेक्षिकेची पट्टी आली तेव्हा पाठ ताठ केली. "अगदी अश्शी टोचायची," म्हणाल्या. वीस मिनिटं झाली. एकवीस. पेन्सिल त्या काट्याकडं बघत होती, भिंतीवरच्या त्याच घड्याळाच्या. मग फोनची रिंग वाजली, मशीनमधली, आणि पेन्सिलचा आवाज आला, कोवळा, घाईतला, ज्याचे बाबा अजून घरी पेपर वाचत बसलेत असा आवाज. "एक मिनिट हं, बाई."

आणि शांत.

बाई हलल्या नाहीत. कानाशी हात तसाच. आयुष्यभर लोकांना थांबवून ठेवणारी आणि लोकांसाठी थांबणारी बाई ती, तिला काय, ती संध्याकाळपर्यंत थांबेल. थोडं पुढं झुकून त्यांनी पेन्सिलकडं बघितलं, तिचं काही चुकलंय असं नाही, लहान पोराला धीर द्यावा तसं, आणि कुजबुजल्या, "थांब, येईल. मी लाइनवर आहे."

आता सांग. तू त्या खुर्चीत असतीस, तर काय केलं असतंस?